आधी काय जळते आहे ते सांगा

१४ एप्रिल म्हटले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आपल्याला आठवते, आणि ते योग्यच आहे. पण याच तारखेची आणखी एक ओळख आहे. हा दिवस आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह असतो. ठिकठिकाणी लाल बंब उभे राहतात, उंच शिडी उघडून दाखवतात, पाण्याचा फवारा आकाशात जातो आणि मुले टाळ्या वाजवतात. मग भाषणे होतात. जवळजवळ प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास असते : 'हे जवान प्राणांची पर्वा न करता आगीत उडी घेतात.'

विद्यार्थिमित्रांनो, मला या वाक्याविषयीच थोडे बोलावयाचे आहे. ते आदराने म्हटले जाते, याबद्दल शंका नाही. पण त्यात एक धोका दडलेला आहे. जेथे स्फोट होण्याची शक्यता असते तेथे प्राणांची पर्वा न करणारा अग्निशामक कोणालाच वाचवू शकत नाही. तो फक्त मृतांच्या संख्येत भर घालतो. अशा ठिकाणी पर्वा करणारे दल हवे. आणि ती पर्वा त्याला करता यावी म्हणून आत काय आहे हे वेळेवर सांगणारा समाज हवा. हा दुसरा भाग आपल्याकडे आहे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे आहे. तो आपण पुरेसा पार पाडत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे आता पाहू.

मुंबईच्या गोदीत काय घडले?

१४ एप्रिल हीच तारीख का निवडली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, 'फोर्ट स्टिकीन' नावाचे मालवाहू जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. इंग्लंडहून निघून कराचीमार्गे ते १२ एप्रिलला मुंबईत आले होते. त्याच्या पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा व स्फोटके होती. शिवाय कराचीला त्यावर कापसाच्या हजारो गासड्या, वंगणाची पिंपे, लाकूड, गंधक असा माल चढवला होता. जहाजाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या फळक्यात, म्हणजे माल भरण्याच्या तळघरात, खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके अशी रचना होती. आजच्या कोणत्याही दहावीच्या विद्यार्थ्याला ही रचना दाखवली तर तो डोक्याला हात लावील!

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास या फळक्यातून धूर येताना दिसला. बंब आले. जवानांनी पाण्याचे नळ फळक्यात सोडले. सुमारे ९०० टन पाणी आत ओतले गेले. पण आगीचे मूळ सापडेना. असे का झाले? पाणी हे आग विझवण्याचे फार उत्तम साधन आहे. ३० अंश सेल्सियस तापमानाचे १ किलो पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ होईपर्यंत ते सुमारे २५ लाख जूल उष्णता शोषून घेते. परंतु त्यासाठी पाणी जळणाऱ्या वस्तूपर्यंत पोचले पाहिजे. कापसाच्या गासड्या यंत्राने घट्ट दाबलेल्या असतात. त्यांच्या आत धुमसणाऱ्या निखाऱ्यापर्यंत पाणी शिरत नाही. शिवाय कापूस तरंगतो. फळक्यात पाण्याची पातळी जसजशी वाढत गेली तसतसा जळता कापूस वर उचलला गेला आणि स्फोटकांच्या जवळ गेला. म्हणजे विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्यानेच आग दारूगोळ्याकडे नेली.

एरवी स्फोटके आणणारे जहाज धोक्याचा लाल बावटा लावीत असे. फोर्ट स्टिकीनवर तो नव्हता. त्यामुळे आजूबाजूच्या जहाजांवरील आणि धक्क्यावरील शेकडो माणसे धूर पाहत आपापले काम करीत राहिली. जहाज तेथेच बुडवावे, की ओढून समुद्रात न्यावे, की विझवत राहावे, याविषयी जाणत्या अधिकाऱ्यांत एकमत होईना. आणि अखेरचा शब्द कोणाचा हेही स्पष्ट नव्हते. दोन तास असे गेले. चारला दहा मिनिटे असताना जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून प्रचंड. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत ८०० पासून १,३०० पर्यंत दिला जातो. त्यांत मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो.

आता सांगा, या ६६ जणांना कमी काय पडले? धैर्य? मुळीच नाही. पाणी? तेही भरपूर होते. कमी पडली ती माहिती, आणि ती हाती आल्यावर तिच्यावरून निर्णय घेणारी एक व्यवस्था.

गूळ आणि टीएनटी

स्फोट म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढचा युक्तिवाद पटणार नाही. वर्गात मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो : १ किलो गूळ आणि १ किलो टीएनटी हे स्फोटक, यांपैकी जास्त ऊर्जा कशात? सारा वर्ग एकमुखाने 'टीएनटी' म्हणतो. उत्तर आहे गूळ! टीएनटीच्या एका किलोतून सुमारे ४२ लाख जूल ऊर्जा मिळते. गुळाच्या एका किलोतून सुमारे १ कोटी ६० लाख जूल, म्हणजे जवळजवळ चौपट. तरी गुळाच्या ढेपेला कोणी घाबरत नाही. कारण ऊर्जा किती आहे यापेक्षा ती किती वेळात बाहेर पडते, याला महत्त्व आहे. गुळाला जळण्यासाठी हवेतील प्राणवायू लागतो, आणि तो पृष्ठभागापासून हळूहळू आत शिरतो. टीएनटीच्या रेणूतच प्राणवायू बांधलेला असतो. त्याला हवेची वाट पाहावी लागत नाही. त्यातून जाणारा स्फोटतरंग सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावतो, आणि घन पदार्थाचा क्षणार्धात अतितप्त, प्रचंड दाबाचा वायू होतो.

यातून अग्निशमनाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट निघते. आपण शाळेत आगीचा त्रिकोण शिकतो : इंधन, उष्णता आणि प्राणवायू. यांपैकी एक बाजू काढली की आग विझते. पण पदार्थ स्वतःच प्राणवायू बाळगून असेल तर हवा तोडून काय उपयोग? १६ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी बंदरात हेच घडले. 'ग्रँडकँप' नावाच्या जहाजात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट होते. हे शेताचे खत आहे, पण त्याच्या रेणूत प्राणवायू आहे. सकाळी आठच्या सुमारास धूर दिसला. माल भिजून खराब होऊ नये म्हणून फळका बंद करून आत वाफ सोडली गेली. कल्पना अशी की वाफेने हवा हाकलली की आग गुदमरेल. साध्या मालाच्या बाबतीत ती बरोबर ठरली असती. येथे मात्र वाफेने हवा गेली तरी आगीचा प्राणवायू गेला नाही, आणि बंद फळक्यात उष्णता व दाब वाढत गेले. नऊ वाजून बारा मिनिटांनी जहाज उडाले. किमान ५८१ माणसे मेली. त्या गावाच्या अग्निशामक दलातील एक सोडून सारे त्यांत गेले.

म्हणून 'आग लागली आहे' ही पुरती माहिती नव्हे. 'काय जळते आहे?' हा पहिला प्रश्न आहे. सोडियम जळत असेल तर पाणी शत्रू आहे. पेट्रोल जळत असेल तर पाण्याच्या धारेने ते पसरेल. तेथे फेस हवा. अमोनियम नायट्रेटला आग भिडली असेल तर गुदमरवणे व्यर्थ आहे. आणि आग दारूगोळ्यापर्यंत पोचली असेल तर कोणतेच साधन वापरावयाचे नसते. तेथे फक्त अंतर वापरावयाचे असते.

अंतराचे गणित

अंतर हेही एक साधन आहे, असे म्हटले तर तुम्हांला आश्चर्य वाटेल. पण यामागे सोपे गणित आहे. स्फोटाचा दाबतरंग सर्व बाजूंनी पसरतो. ठरावीक दाब किती अंतरावर जाणवेल हे स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलते. समजा, १ किलो स्फोटकासाठी एखादा दाब १० मीटरवर जाणवतो. मग १,००० किलोसाठी तोच दाब किती अंतरावर जाणवेल? १०,००० मीटरवर नव्हे; १,००० चे घनमूळ १०, म्हणून १०० मीटरवर. फोर्ट स्टिकीनवरील स्फोटके सुमारे १४ लाख किलो धरली तर घनमूळ ११२ च्या आसपास येते.

हाच नियम उलट बाजूने वाचा. तुम्ही अंतर दुप्पट केले तर दाबाच्या दृष्टीने आठपट स्फोटक सहन करू शकता. जवानांना दोनशे मीटरवरून चारशे मीटरवर नेणे, हे धोक्याचा माल आठवा हिस्सा करण्यासारखे आहे. आणि त्याला खर्च काय? फक्त काही मिनिटे. यापेक्षा स्वस्त संरक्षण मला तरी माहीत नाही. धातूचे तुकडे मात्र हा नियम पाळत नाहीत. ते दाबाच्या पुढे, फार दूरवर जाऊन पडतात. म्हणून प्रत्यक्षात ठेवावयाचे अंतर बरेच मोठे असते. अमेरिका-कॅनडात अग्निशामकांजवळ जी आपत्कालीन मार्गदर्शक पुस्तिका असते, तीत स्फोटकांच्या मालमोटारीला किंवा स्वयंपाकाच्या गॅसच्या मोठ्या टाकीला आगीने वेढले असेल तर सर्व बाजूंनी १,६०० मीटर, म्हणजे एक मैल, मोकळा करावा असे सांगितले आहे.

प्रकाश आणि दाबतरंग यांच्या वेगांतील फरकही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर आकाशात एक अशनी फुटला. डोळे दिपवणारा प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी धावले. दाबतरंग सुमारे दोन मिनिटांनी पोचला आणि काचा फुटल्या. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, ती मुख्यतः काचांमुळे. दाबतरंग दूरवर गेल्यावर ध्वनीच्याच वेगाने येतो, म्हणजे एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद. म्हणून लांबवर मोठा लोळ दिसला तर खिडकीकडे जाऊ नये. काचेपासून दूर जमिनीवर पालथे पडावे. पदार्थविज्ञानाचा हा धडा कोणत्याही परीक्षेत विचारला जात नाही, पण तो डोळे वाचवू शकतो.

टाकी फुटते कशी?

सगळे स्फोट स्फोटकांचेच असतात असे नाही. आपल्याकडे अधिक जवळचा धोका आहे तो द्रवरूप वायूच्या टाक्यांचा. घरातील कुकर आठवा. त्यातील पाणी १०० अंशांच्या वर तापलेले असूनही द्रवच राहते, कारण दाब आहे. झाकण एकाएकी उडाले तर त्या पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होतो. गॅसच्या टाकीतही द्रव असाच दाबाखाली ठेवलेला असतो. द्रवाचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे २५० पट होते, आणि हा वायू जळणारा आहे.

आता अशा टाकीखाली आग लागली आहे असे समजा. टाकीला सुरक्षा झडप असते. दाब वाढला की ती उघडते आणि वायू बाहेर सोडते. पाहणाऱ्याला वाटते, झडप काम करते आहे, आता भीती नाही. पण विचार करा : टाकीच्या पोलादी भिंतीचा जो भाग आतून द्रवाने भिजलेला आहे, त्याची उष्णता द्रव काढून घेतो. द्रवाच्या पातळीवरच्या कोरड्या भागाची उष्णता काढून घेणारे आत काही नसते. झडपेतून वायू जातो तसतशी द्रवाची पातळी खाली जाते आणि कोरडा भाग वाढतो. पोलाद ६०० अंशांच्या आसपास तापले की त्याची निम्म्याहून अधिक ताकद जाते. मग झडप उघडी असतानाच टाकी फाटते! ४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समध्ये फेझँ येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात हेच झाले. झडप जळत्या टाकीला सांभाळील, अशा समजुतीने शेजारच्या टाक्या थंड करण्याकडे पाणी वळवले गेले. टाकी फुटली. १८ माणसे गेली. त्यांत ११ अग्निशामक होते.

यातून आजचा नियम आला : टाकीच्या वरच्या, कोरड्या भागावर भरपूर पाण्याचा मारा सतत करावयाचा, तोही नळ जमिनीवर बसवून, माणसे मागे ठेवून. तेवढे पाणी मिळत नसेल, किंवा झडपेचा आवाज चढत चालला असेल, तर सर्वांना मागे घ्यावयाचे.

बंब थांबतो तेव्हा काय करतो?

स्फोटाची शक्यता असलेल्या जागी बंब आला की तो कधी कधी अलीकडेच थांबतो. लोक ओरडू लागतात, 'पाहत काय बसलात? आत जा!' प्रसंगी दगडही मारले जातात. त्या दोन मिनिटांत अधिकारी काय करीत असतो ते पाहा. तो वाऱ्याची दिशा बघतो आणि वाऱ्याच्या पाठच्या बाजूने जातो. गाड्या परतीच्या दिशेने तोंड करून उभ्या करतो. पाटी, कागद, रखवालदार, कामगार, जे मिळेल त्यावरून आत काय आणि किती आहे ते शोधतो. धोक्याचे, मधले आणि सुरक्षित असे तीन पट्टे आखतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि वेळ नोंदवून घेतो. माघारीची खूण ठरवतो. स्फोट होऊन गेलेला असेल तर दुसरा होऊ शकेल का, भिंती उभ्या राहतील का, हे पाहतो. संशयास्पद वस्तू दिसली तर तिला हात लावत नाही; ते काम बॉम्बनाशक पथकाचे असते. मग ढिगाऱ्यात शोध सुरू होतो. त्यात मधूनमधून सर्व यंत्रे बंद करून शांतता पाळतात, कारण गाडलेल्या माणसाचा क्षीण आवाज ऐकावयाचा असतो.

हे सारे पदार्थविज्ञान आहे, रसायनशास्त्र आहे आणि शिस्त आहे. ती दोन मिनिटे भित्रेपणाची नसतात.

एकाच पदार्थाची दोन उदाहरणे शेजारी ठेवा. २००९ साली टेक्सास राज्यातील ब्रायन या गावी अमोनियम नायट्रेट साठवलेल्या कारखान्याला आग लागली. दलाने आत काय आहे ते ओळखले, आग विझवण्याचा प्रयत्न सोडला, हजारो लोकांना दूर नेले आणि इमारत जळू दिली. कोणी मेले नाही. त्याच राज्यातील वेस्ट नावाच्या गावी १७ एप्रिल २०१३ रोजी याच पदार्थाच्या गोदामाला आग लागली. स्वयंसेवक धावून गेले. वीस-बावीस मिनिटांत स्फोट झाला. १५ मृतांपैकी १२ जण मदतीला धावलेले होते. दोन्ही गावांतील माणसे सारखीच शूर होती.

१२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनमधील तिआनजिन बंदरात रसायनांच्या गोदामात आग लागली, तेथे शंभराहून अधिक अग्निशामक व पोलीस मारले गेले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट एका गोदामात वर्षानुवर्षे पडून होते. बंदराच्या अधिकाऱ्यांना ते ठाऊक होते. आग विझवण्यासाठी पाठवलेल्या दहा जणांच्या पथकाला मात्र ते सांगितले गेले नव्हते. ते दहाही जण गेले; शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. मुंबईच्या गोदीनंतर शहात्तर वर्षांनी तीच चूक, त्याच प्रकारच्या जागी!

मग आत अडकलेल्यांचे काय?

हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल, आणि यावयासच हवा. दूर थांबणे शहाणपणाचे असेल, पण आत कोणी जिवंत असेल तर? याचे उत्तर अग्निशमन सेवेने अनुभवातून शोधले आहे. वाचवता येण्याजोगा जीव असेल तर मोठा धोका पत्करावयाचा, पण मोजून-मापून. फक्त मालमत्ता असेल तर थोडाच. आणि जे वाचणे शक्यच नाही त्यासाठी मुळीच नाही. यात 'मोजून' हा शब्द महत्त्वाचा आहे. मोजण्यासाठी माहिती लागते. स्फोटकांच्या गाडीचे फक्त चाक पेटले असेल आणि आग मालापर्यंत गेली नसेल, तर झटकन भरपूर पाणी मारून ती विझवणे हेच योग्य. तीच आग मालाला भिडली असेल तर मागे फिरणे योग्य. बाहेरून दोन्ही दृश्ये जवळजवळ सारखीच दिसतात. फरक कळतो तो माहितीमुळे. म्हणून माहिती मिळाल्याने दल मागेच राहते असे नाही. कित्येकदा माहितीमुळेच ते निर्धास्तपणे पुढे जाऊ शकते.

दुसरा आक्षेप असा की, धोक्याच्या मालाच्या याद्या उघड केल्या तर वाईट माणसे त्यांचा उपयोग करतील. हा विचार रास्त आहे. पण यादी चौकात लावा असे कोणी म्हणत नाही. ती अग्निशामक केंद्रात आणि फाटकाजवळच्या कुलूपबंद पेटीत असावी.

नियम आपल्याकडेही आहेत. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८९ साली घातक रसायनांविषयीचे नियम झाले आणि मोठ्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा बंधनकारक झाला. त्याच वर्षीच्या मोटार वाहन नियमांनुसार धोक्याचा माल नेणाऱ्या टँकरवर माहितीची पाटी लागते. तुम्ही ती रस्त्यावर पाहिली असेल. पेट्रोलच्या टँकरवर १२०३ हा आकडा असतो. हा त्या पदार्थाचा जगभर चालणारा क्रमांक. बाजूला '३ वाय ई' अशी खूण असते. त्यातील ३ म्हणजे फेस वापरा. वाय या अक्षरात श्वसनयंत्र लावा आणि द्रव गटारात जाऊ देऊ नका, अशा सूचना आहेत. ई म्हणजे लोकांना हलवण्याचा विचार करा. चार-पाच अक्षरांत केवढे ज्ञान! पण पाटी पुसट झालेली असेल, चिखलाने झाकलेली असेल किंवा कालच्या मालाचीच असेल, तर हे ज्ञान मातीमोल होते. नियम कागदावर असणे आणि माहिती जवानाच्या हाती असणे, यांत फार अंतर आहे.

सुरुवात शाळेपासून

हे अंतर कमी करण्याचे काम शाळेत सुरू व्हावे, असे मला वाटते. शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे : आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत काय काय आहे याची एका पानाची यादी करा. स्पिरिट किती, रॉकेलमध्ये ठेवलेला सोडियम किती, तीव्र आम्ले कोणती, गॅसची नळकांडी कोठे, विजेचा मुख्य खटका कोठे. शेजारी साधा नकाशा काढा. एक प्रत शिपायाजवळ ठेवा आणि एक जवळच्या अग्निशामक केंद्राला द्या. दरवर्षी ती नवी करा. हे काम नववीच्या वर्गाकडून करून घेता येईल, आणि तीत रसायनशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम उजळणीला येईल!

विद्यार्थ्यांनो, तुम्हीही दोन गोष्टी करू शकता. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करण्याची वेळ आली, तर 'आग लागली, लवकर या' एवढेच सांगून ठेवू नका. जागा कोणती, काय जळते आहे, आत कोणी आहे का, शेजारी टाक्या, नळकांडी किंवा फटाक्यांचा साठा आहे का, हे सांगा. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असेच सांगा. अंदाज ठोकून देऊ नका. दुसरी गोष्ट, आग पाहण्यासाठी गर्दी करू नका. तुम्ही उभे असता ती जागा बंबाला माघारीसाठी लागते.

यंदाच्या अग्निशमन सप्ताहात बंब तुमच्या शाळेत आला, तर शिडीवर चढून पाहाच. पण त्यानंतर अधिकाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा : 'साहेब, उद्या आमच्या शाळेत आग लागली, तर आत काय आहे हे तुम्हांला ठाऊक आहे का?' उत्तर 'नाही' असे आले, तर तेथल्या तेथे वही काढा आणि यादी लिहावयास लागा.